जलरंग शिकायला बसताना: कागद, पाणी आणि नागपूरची हवा

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेलं माणूस ज्या घरात आहे, तिथे माळ्यावर रंगांची एक जुनी पेटी हमखास सापडते. बारा वड्या, त्यातली पांढरी तळापर्यंत खरवडलेली, झाकणात सुकून बसलेला करडा थर. पुन्हा रंगवावंसं वाटलं की हीच पेटी खाली निघते आणि सोबत मुलांच्या ड्रॉइंगच्या वहीतला कागद. अर्ध्या तासात कागद पापडासारखा फुगतो, आकाशाला डाग पडतात, झाडाचा हिरवा आकाशात शिरतो. मग पेटी मिटवायची आणि म्हणायचं, आता हात राहिला नाही.

माझ्याकडे रविवारी सकाळी चार-पाच जण शिकायला येतात. बहुतेकांनी हे एकदा करून झालेलं असतं. त्यांचा हात चांगला असतो. कागद चुकीचा असतो, आणि तो कितपत ओला आहे हे बघायची सवय कुणी लावलेली नसते. जलरंगातलं निम्मं शिक्षण मला या दुसऱ्या गोष्टीत दिसतं. नागपुरात तर ते जास्तच लागतं, कारण आपल्याकडे मे महिन्यात जो वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, बघता बघता सुकतो तोच ऑगस्टमध्ये अर्धा तास ओला राहतो.

आधी कागद

हातात असलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त कागदावर घाला. रंग साधे चालतील, ब्रश साधे चालतील, कागद साधा चालत नाही.

दुकानात गेल्यावर विचारायचं ते ‘तीनशे जीएसएम, कॉटन, कोल्ड प्रेस’. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. वहीतला कागद याच्या निम्म्याच्या आसपास असतो, म्हणून पाणी पडताच तंतू फुगून त्याला लाटा येतात. ३०० जीएसएमचा कागद थोडा वाकतो आणि सुकल्यावर बराचसा सरळ होतो.

कॉटन म्हणजे कापसाच्या तंतूंचा कागद. विदर्भात राहणाऱ्याला कापसाचा तंतू किती चिवट असतो हे सांगायला नको. या कागदावर रंग पुसून काढता येतो, एकावर एक तीन-चार थर देता येतात, तरी वरचा पापुद्रा निघत नाही. लाकडाच्या लगद्याचा कागद स्वस्त पडतो, पण त्यावर दुसरा थर द्यायला गेलं की पहिला उखडतो. कोल्ड प्रेस म्हणजे मध्यम खरखरीत. हॉट प्रेस अगदी गुळगुळीत असतो, रफ अगदी खडबडीत. नवशिक्याने मधला घ्यावा. ब्रुस्ट्रो, फॅब्रियानो, कॅन्सन, आर्शेस ही नावं दुकानदाराला माहीत असतात. ‘चित्रपट’ नावाचा भारतीय हातकागदही मिळतो, तो मला आवडतो.

वही घेण्यापेक्षा मोठा ताव घ्या. पूर्ण ताव २२ बाय ३० इंचांचा असतो. त्याचे आठ सारखे तुकडे केले की प्रत्येक साडेसात बाय अकरा इंचांचा होतो, शिकायला नेमका. मागच्या बाजूलाही रंगवता येतं, म्हणजे एका तावात सोळा प्रयत्न झाले.

कागदाच्या अंगात एक खळ असते, सरस किंवा तसलंच काही. तिच्यामुळे पाणी टीपकागदासारखं शोषलं न जाता पृष्ठभागावर थांबतं. कागद दमट जागी पडून राहिला की ही खळ जागोजागी मरते. एका ऑगस्टमध्ये मी बर्डीवरच्या एका दुकानातून पाच ताव आणले. दिसायला स्वच्छ होते. पहिला निळा वॉश टाकला आणि सगळ्या आकाशभर गडद ठिपके उमटले, गोवर आल्यासारखे. पाचही ताव तसेच निघाले. तेव्हापासून पावसाळ्यात कागद घेतला की आधी कोपऱ्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून बघते. थेंब काही क्षण टपोरा उभा राहिला तर कागद चांगला. लगेच पसरून आत गेला तर त्यावर पेन्सिलने स्केच करावं, पाणी लावू नये. घरी कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात आडवा ठेवा. भिंतीला टेकवून ठेवलेली गुंडाळी जून-जुलैत खराब होते.

रंग: सात पुरे

जलरंगात मुख्य दोन गोष्टी: रंगद्रव्याची बारीक पूड आणि बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक. पाणी उडून जातं, डिंक पूड कागदाला चिकटवतो. थर इतका पातळ असतो की उजेड त्यातून आरपार जाऊन कागदावर आपटतो आणि परत येतो. चित्रातला तजेला हा कागदाचा पांढरेपणा असतो. म्हणून पांढरा रंग विकत घ्यायचाच नाही. जिथे पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा. पोस्टर कलरमध्ये उजेड अडवणारा पदार्थ मिसळलेला असतो. ते वेगळं माध्यम आहे, त्याची सवय इथे आड येते.

जलरंग फिके-फिकेच असतात असं वाटणाऱ्यांनी सावळाराम हळदणकरांचं (१८८२–१९६८) हातात दिवा घेतलेल्या तरुणीचं चित्र बघावं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि ते जलरंगातलं आहे. एवढा दाट अंधार आणि त्यात तेवढाच ऊबदार उजेड पाणी नि डिंकातून निघू शकतो.

यादी अशी: गॅम्बोज ह्यू (किंवा कुठलाही ऊबदार पिवळा), यलो ऑकर, स्कार्लेट, क्रिमझन किंवा परमनंट रोझ, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू. पाच-पाच मिलीच्या ट्यूब घ्या. १९३१ साली दांडेकरांनी शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनच्या ट्यूब आपल्याकडे सगळीकडे मिळतात. ‘स्टुडंट’ आणि ‘आर्टिस्ट’ असे दोन दर्जे असतात. स्टुडंटमध्ये रंगद्रव्य कमी. कागदाचा खर्च भागवून पैसे उरले तर आर्टिस्ट घ्या.

चांगल्या ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी २७ म्हणजे प्रशियन ब्लू. पीआर ८३ दिसलं तर ते अलिझरिन. हा लाल उजेडात उडतो. आपल्या उन्हासमोरच्या भिंतीवर लावायचं चित्र असेल तर तो टाळलेला बरा. त्याऐवजी पीव्ही १९ लिहिलेला गुलाबी टिकतो.

काळा घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट मिसळले की जो गडद मिळतो, त्यात जीव असतो. पाणी वाढवलं की त्याच मिश्रणातून सुंदर करडा येतो, निळा जास्त घातला तर ढगाचा, तांबडा जास्त घातला तर सिमेंटच्या भिंतीचा. पहिला आठवडा नुसती ही एक जोडी मिसळत बसलात तरी वेळ सत्कारणी लागेल.

ट्यूबमधला रंग पॅलेटच्या खणात पिळून सुकू द्यायचा आणि लागेल तसा पाण्याने जागा करायचा. उन्हाळ्यात इथे सुकलेल्या रंगाला शेतातल्या काळ्या मातीसारख्या भेगा पडतात आणि ढलपे निघतात. रंग भरतानाच प्रत्येक खणात काडीच्या टोकाने ग्लिसरीनचा एक छोटा थेंब मिसळा, थांबतं. पावसाळ्यात नेमकं उलट करायचं: काम झाल्यावर पॅलेट उघडा ठेवून पंख्याखाली वाळवायचा, नाहीतर बुरशी धरते.

ब्रश आणि बाकीचं

बारा नंबरचा गोल, सहा नंबरचा गोल, एक इंची चपटा. सिंथेटिक चालतात. दुकानात पाणी मागून ब्रश बुडवा, एकदा झटका. टोक आपोआप एकत्र आलं तर घ्या. शिकणारे बारीक ब्रशाकडे धावतात आणि चित्र कुरतडत बसतात. निम्म्याहून जास्त चित्र बारा नंबरनेच व्हायला हवं. चितारओळीत गणपतीच्या दिवसांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्यांकडे उभं राहून बघा. ब्रश किती मागे धरलाय, मनगट कुठे टेकलंय, रेघ ओढताना श्वास कसा रोखलाय. आपल्याला ते सगळं उपयोगी आहे.

पाण्याची दोन भांडी, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. जुन्या सुती धोतराचा तुकडा. फवाऱ्याची छोटी बाटली. मास्किंग टेप. सनमायका लावलेला फळकूट, त्याच्या वरच्या कडेखाली ठेवायला एखादं पुस्तक, म्हणजे पाणी हळू खाली सरकेल. पेन्सिल एचबी. ब्रश पाण्यात उभा ठेवून उठू नका, टोक कायमचं वाकतं.

कागदाची ओल ओळखणं

इथे मात्र सावकाश जायचं. कुठलाही रंग काढू नका. कागदाचा एक तुकडा टेपने फळकुटाला चिकटवा, स्वच्छ पाण्याने पूर्ण ओला करा आणि डोळे कागदाच्या पातळीला आणून खिडकीच्या दिशेने बघा.

आधी पाणी साचलेलं दिसेल, डबक्यासारखं, त्यात खिडकीचं प्रतिबिंब. या वेळी रंग सोडला तर तो भटकतो, तुमचं ऐकत नाही.

मग प्रतिबिंब विरतं आणि सगळीकडे सारखी चकाकी राहते. ही चकाकी म्हणजे आकाशाची वेळ. रंग मऊ पसरतो आणि जिथे सोडला त्याच्या आसपासच थांबतो.

थोड्या वेळाने चकाकी मंदावते, रेशमी साडीच्या उलट्या बाजूसारखी. मी याला मंद ओल म्हणते. आता घट्ट रंग लावला तर कडा मऊ राहून आकार टिकतो: दूरची झाडी, धुक्यातलं देऊळ. पण ब्रशात पाणी जास्त असेल तर ते पाणी भोवतालचा ओला रंग ढकलत नेतं आणि फुलकोबीसारखी दातेरी कड उमटते. एक नियम पाठ करा: मंद ओलीवर जाणारा ब्रश कागदापेक्षा कोरडा हवा. कापडावर टिपूनच न्यायचा.

यानंतर कागद सुकल्यासारखा दिसतो. बोटांची मागची बाजू टेकवा. गार लागला तर आत अजून ओल आहे. हीच सगळ्यात घातकी वेळ. आता काहीही करू नका, चहा टाका. कोमट, म्हणजे खोलीइतकाच, लागला की पुढचा थर.

हाच कागद तीन-चार वेळा ओला करून प्रत्येक टप्प्यावर अल्ट्रामरीनचा एकेक ठिपका सोडा आणि शेजारी पेन्सिलने टप्पा लिहा. हा तुकडा भिंतीवर लावून ठेवा.

आता नागपूरचं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा चकाकी आणि मंद ओल या दोन्ही मिळून मला दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. कूलर लावला तर खोली दमट होते, ते खरं तर आपल्या फायद्याचं. पण झोत सरळ कागदावर आला की एक बाजू सुकते आणि दुसरी डबक्यात राहते. कूलर चालू ठेवा, फळकूट झोताबाहेर हलवा, छताचा पंखा बंद करा. कागद दोन्ही बाजूंनी ओला करून सनमायकावर चिकटवला तर खालची ओल वरच्या बाजूला बराच वेळ पुरते. सकाळी साडेसहाला बसणं सगळ्यात सोपं. पावसाळ्यात थर सुकायची वाट बघून कंटाळा येतो. हेअर ड्रायर वापरायला हरकत नाही, पण चकाकी पूर्ण गेल्यावर आणि हातभर अंतरावरून. आधीच वापरला तर हवेचा झोत रंग लोटत नेतो. डिसेंबर-जानेवारीत वेळ भरपूर मिळतो. सुरुवात करायला याहून चांगला काळ नाही.

तीन सराव

सपाट वॉश: लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट रंग एका वाटीत कालवा, मध्येच संपला तर पुन्हा तीच छटा जमत नाही. कोरड्या कागदावर वरच्या कडेने भरलेल्या ब्रशाचा एकच आडवा फटकारा मारा. त्याच्या खालच्या कडेला रंगाची एक टपोरी धार लोंबेल. पुढचा फटकारा त्या धारेला स्पर्श करत, ती खाली ओढून नेत मारायचा. धार तुटू द्यायची नाही. तळाशी पोहोचल्यावर ब्रश पिळून उरलेली धार टिपून घ्या, नाहीतर ती उलटी वर चढते. मागे वळून दुरुस्ती करायची नाही, एखादी फट राहिली तर राहू द्या. असे दहा करा. उतरत्या छटेचा वॉश म्हणजे हेच, फक्त प्रत्येक फटकाऱ्याला रंगाऐवजी थोडं पाणी घ्यायचं.

कोरडा ब्रश: रंग घट्ट, ब्रश कापडावर टिपलेला, आडवा धरून कागदावरून पटकन ओढायचा. रंग फक्त उंचवट्यांवर बसतो, मधले खड्डे कोरे राहतात. पाण्यावरची उन्हाची चमक, बाभळीची साल, सीताबर्डीच्या किल्ल्याचा जुना दगड, सगळं यातून येतं.

रंग उचलणं: ओल्या वॉशमधून पिळलेल्या ब्रशाने रंग शोषून घ्या, ढग तयार होतो. सुकल्यावरही ओल्या ब्रशाने हलकं घासून कापडाने टिपता येतं. अल्ट्रामरीन सहज उठतो, प्रशियन ब्लू कागदाला डाग देऊन बसतो.

पहिलं चित्र: एक संत्रं

दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री बाजारात येतात. देठाकडे हिरवट झाक असलेलं एक निवडा. खिडकीचा उजेड डावीकडून येईल असं पांढऱ्या कागदावर ठेवा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. ते गोल चेंडू नाही. खाली थोडं बसकं, देठापाशी किंचित मान काढलेलं, साल सैल असल्यामुळे कुठे फुगीर. फिकट रेघेने तेवढंच काढा. डावीकडे वरती उजेडाचा डाग आहे, संत्र्याच्या बीएवढा. तो पेन्सिलने खुणावून ठेवा. तिथे शेवटपर्यंत काही लावायचं नाही.

पातळ गॅम्बोज सगळ्या फळावर, तो डाग सोडून. चकाकी असतानाच उजव्या खालच्या बाजूला स्कार्लेट टेकवा. ब्रश घासू नका, नुसता टेकवा. पिवळ्यात तांबडा आपला आपण सरकेल आणि मधे कुठेतरी तुम्ही न कालवलेला नारिंगी तयार होईल. देठाजवळ गॅम्बोजमध्ये प्रशियन ब्लूचा अगदी कण मिसळून हिरवट टेकवा. मंद ओल आली की उजव्या कडेला स्कार्लेटमध्ये चिमूटभर अल्ट्रामरीन घालून घट्ट, कमी पाण्याचा फटका द्या. फळ लगेच गोल व्हायला लागेल. अगदी कडेला बारीक उजळ पट्टी राहू द्या, खालच्या कागदावरून परतणारा उजेड तिथे पडलेला असतो. आता उठा.

कोमट झाल्यावर सावली. अल्ट्रामरीन, थोडा क्रिमझन, थोडा बर्न्ट सिएना. फळ जिथे टेकलंय तिथे सगळ्यात गडद आणि कड धारदार. तिथून दूर जाताना स्वच्छ पाण्याचा ब्रश लावून कड विरघळवा. सावली ओली असताना फळाजवळ नारिंगीचा एक ठिपका सोडा. डोळ्यांना तो दिसतो, पण रंगवायचं धाडस सहसा होत नाही. सालीवरच्या बारीक खळग्यांसाठी शेवटी उजेड आणि सावलीच्या मधल्या पट्ट्यात कोरड्या ब्रशाचा एकच हलका हात. सगळ्या फळावर ठिपके काढू नका.

सुकल्यावर रंग फिका होतो, तेव्हा ओला असताना थोडा जास्तच गडद वाटला पाहिजे. पहिलं संत्रं फिकट आलं तर दुसरं याच एका गोष्टीसाठी काढा.

बाहेर पडल्यावर

आठ-दहा संत्री झाली की फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर जा. झिरो माइलचे घोडे, अजबबंगला म्हणजे आपलं संग्रहालय, हायकोर्टाची इमारत नंतर. पाणी आणि आकाश यांत चुका खपून जातात. सोबत पॅलेट, बारा नंबरचा ब्रश, कागदाचा एक तुकडा, पाण्याची बाटली आणि फवारा, एवढंच. डोळे किलकिले करून बघा आणि फक्त तीन छटा धरा: आकाश-पाणी फिकं, पलीकडचा काठ मधला, जवळची झाडं गडद. आकाश आणि पाणी एकाच ओल्या वॉशमध्ये टाका, काठ मंद ओलीवर, झाडं सुकल्यावर. उन्हात कागद इतका चकाकतो की छटांचा अंदाज चुकतो, म्हणून कागद सावलीत धरून बसा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शहराबाहेर पळस फुलतो. तो रंगवताना फुलांचा स्कार्लेट आधी, कोऱ्या कागदावर, फांद्या मागाहून. हिरव्यावर लाल चढवायला गेलात तर तपकिरी होईल.

घरी आल्यावर ब्रश साध्या साबणाने तळहातावर फिरवून धुवा, ओठांऐवजी बोटांनी टोक करा आणि आडवा वाळवा. टेप काढताना कागद पूर्ण सुकलेला हवा, आणि टेप वर न ओढता तिरकी, चित्राच्या बाहेरच्या दिशेने ओढायची. चित्राच्या मागे पेन्सिलने तारीख, वेळ, कूलर होता की पंखा, आणि चकाकी किती मिनिटं टिकली ते लिहून ठेवा. माझ्याकडे अशा नोंदींचे जुने कागद गठ्ठ्याने आहेत; एप्रिलचं आकाश रंगवायच्या आधी मी मागच्या एप्रिलचे दोन काढून बघते.